धनेशभाऊंची झोप

“धनेशभाऊ, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं आधी घालायची की नंतर?” शाळेच्या बसवर मुलं सांभाळणाऱ्या कालिंदीने ड्रायव्हरच्या सीटमागचा दांडा धरून वाकून विचारलं.

“उकळी आल्यावर. जरा ठेचून.” धनेशभाऊंचा आवाज जड होता.

“आणि कोकम?”

“ते… शेवटी.”

तिला दोन्ही माहीत होतं. तिचं माहेर मालवणचंच. पण दुपारी शाळा सुटून बस दादरहून परळकडे निघाली, की मुलांना जागेवर बसवून ती पुढे येऊन उभी राहायची आणि काहीबाही विचारत राहायची. गणपतीनंतर कधीतरी तिने समोरच्या आरशात त्यांच्या पापण्या मिटत आलेल्या पाहिल्या होत्या. आधी वाटलं, जेवणानंतरची सुस्ती असेल. मग ते रोजच दिसू लागलं. बोलतं ठेवलं की माणूस जागा राहतो, एवढं तिला कळत होतं.

त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीला उलटी झाली. कालिंदी तिचं तोंड पुसायला मागे गेली. बस भारतमाताच्या सिग्नलला थांबलेली. सिग्नल सुटला, शेजारच्या गाड्या निघाल्या, मागून हॉर्न वाजू लागले, तरी बस हलेना. ती धावत पुढे आली. धनेशभाऊंची हनुवटी छातीला टेकली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. तिने खांदा दाबला तसे ते दचकले.

“काका झोपले,” एक मुलगा म्हणाला आणि सगळी पोरं हसली.

धनेशभाऊंनी बस हळूच पुढे काढून फुटपाथला लावली. इंजिन बंद केलं, चावी काढून कालिंदीच्या हातात दिली आणि बसच्या मालकांना, हेरंबशेठना, फोन लावला.

“दुसरा ड्रायव्हर पाठवा.”

“गाडी बिघडली?”

“गाडी ठीक आहे. मी झोपलो.”

दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत ते बसच्या पायरीवर बसून राहिले. कालिंदी दारात उभी होती.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं, ताई?”

“गणपतीनंतर.”

“मालवणच्या मुलीला तिरफळं केव्हा घालायची ते ठाऊक नसेल का,” ते म्हणाले. “माझ्या डोक्यातच आलं नाही.”

हेरंबशेठच्या वडिलांच्या वेळेपासून धनेशभाऊ त्यांच्याकडे होते. गाडीला कधी साधा ओरखडा नव्हता. संध्याकाळी वडाळ्याच्या यार्डात शेठ त्यांना समजावत होते, उगाच बभ्रा नको, चार दिवस घरी आराम करा.

“आराम करूनच येतो रोज,” धनेशभाऊ म्हणाले. “झोपून उठतो ना, तेव्हाच जास्त दमलेला असतो. हे काहीतरी वेगळं आहे.”

लालबागला धनेशभाऊंच्या चाळीत कालिंदी भेटायला गेली तेव्हा त्यांच्या बायकोने, शेवंतीवहिनींनी, तिला दाराबाहेर गॅलरीत नेलं. “घोरतत तोपर्यंत बरा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “घोरूचे थांबले काय माका धसको बसता. मी हलवतंय तेव्हा परत श्वास घेतत.”

हॉस्पिटलात डोक्याला, छातीला वायरी लावून त्यांच्या झोपेची तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू घाबरून माणसाला जागं करतो आणि हे रात्रभर चालतं. नाकातोंडावर मास्क लावून हवा देणारं एक मशीन घ्यावं लागेल. ते रोज लावलं तर माणूस ठणठणीत.

मशीन महाग होतं, पण शेठनी सगळ्या कामगारांचा विमा उतरवला होता आणि त्यात अशी उपकरणं बसत होती. फक्त मंजुरीआधी विमा कंपनीच्या डॉक्टरबाई फोनवर बोलणार होत्या. यार्डाच्या कचेरीत टेबलावर फोन ठेवला होता. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. कालिंदी चहा घेऊन आली ती तिथेच थांबली.

वजन, रक्तदाब, दारू, सिगारेट असं विचारून झाल्यावर बाई म्हणाल्या, “काम काय करता?”

“शाळेची बस चालवतो.”

“गाडी चालवताना कधी डोळा लागलाय?”

हेरंबशेठनी टेबलापलीकडून हात हलवला. नाही म्हणा. त्यांचं भय कालिंदीला समजत होतं. हे एकदा बाहेर गेलं की शाळेचं कंत्राट राहील याचा भरवसा नव्हता, आणि त्या कंत्राटावर तिचीही चूल होती. तिने चहाचा ट्रे उगाचच घट्ट धरला.

धनेशभाऊंनी शेठच्या हाताकडे पाहिलं. मग फोनकडे.

“लागलाय,” ते म्हणाले. “लालबागला, सिग्नलवर.”

“गाडीत कोण होतं?”

“मुलं होती. आणि आमच्या ताई. त्या रोज मला बोलतं ठेवायच्या, म्हणून त्याआधी लागला नाही.”

मग बाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

फोन बंद झाल्यावर हेरंबशेठ खुर्चीत मागे रेलले. “आता शाळेला मला सांगावं लागेल.”

“मी येतो बरोबर.”

ते खरोखर गेले. मुख्याध्यापिकांसमोर उभे राहून त्यांनी स्वतःच सांगितलं. काही पालकांनी मुलं बसमधून काढली. शाळेने कंत्राट ठेवलं, पण सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी करून घेतली. धनेशभाऊ घरी बसले नाहीत. ते यार्डात येऊन बस धुऊ लागले. ज्यांना त्यांनी गाडी शिकवली त्या पोरांच्या गाड्यांना ते पाणी मारायचे, काचा पुसायचे, आणि कुणाच्या टायरात हवा कमी वाटली तर हाक मारून सांगायचे. कालिंदीला आधी ते बघवत नसे. मग ती बघू लागली. इतक्या स्वच्छ गाड्या त्या यार्डात कधी निघाल्या नव्हत्या.

विमा कंपनीचं उत्तर आलं ते नकाराचं. घरी वापरायची वस्तू, असं निमित्त काढून मंजुरी नाकारली होती. धनेशभाऊंनी मान हलवली आणि बादली उचलली. पण हेरंबशेठ तडक फोर्टला कंपनीच्या कचेरीत गेले. पॉलिसीतलं उपकरणांचं कलम पुढे ठेवून ते साहेबासमोर बसून राहिले. आमचा माणूस खरं बोलला, त्याची शिक्षा त्याला का, एवढंच ते पुन्हापुन्हा विचारत राहिले म्हणे. मंजुरी घेऊनच ते परतले.

मशीन आलं, तरी सकाळी धनेशभाऊंचे डोळे जडच. कालिंदीच त्यांच्यासोबत दादरच्या दुकानात गेली. मशीनची देखभाल तिथे व्हायची. आकांक्षा नावाच्या मुलीने फिल्टर तपासला, मग मास्क त्यांच्या तोंडावर बसवून कडेने बोट फिरवलं.

“काका, मिशीतून हवा निसटतेय. दुसऱ्या प्रकारचा मास्क मिळेल, पण त्याला विम्याची मंजुरी परत लागेल. वेळ जाईल.”

धनेशभाऊंची मिशी भरदार, टोकं वर वळलेली. ते आरशात बघून हसले.

दुसऱ्या दिवशी यार्डात त्यांना कोणी ओळखलं नाही. वरचा ओठ गोरा, कोवळा दिसत होता. “लग्नातसुद्धा होती,” शेवंतीवहिनी म्हणाल्याचं त्यांनीच सांगितलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही त्यांनी लगेच बस घेतली नाही. शेठना शेजारी बसवून रिकामी गाडी भर दुपारची फिरवली, रोज त्याच रस्त्याने. शेठ पुरे म्हणाले तरी ते अजून काही दिवस म्हणत राहिले. मग एका सोमवारी ते शाळेच्या फाटकाशी बस घेऊन उभे राहिले.

“नवीन काका?” एका मुलीने विचारलं.

“जुनेच.”

सगळी मुलं उतरली. चिंचपोकळीच्या शेवटच्या मुलाला त्याच्या आजीच्या हाती देऊन कालिंदी चढली आणि कधी नव्हे ती पहिल्या बाकावर बसली. आरशात त्यांचे डोळे दिसत होते, उघडे, निवळलेले. वडाळ्यापर्यंतच्या रस्त्यात आज तेच बोलत होते. रात्रीचा मास्क, गावची आंब्याची कलमं, वहिनींना हल्ली लागणारी गाढ झोप. ती हं म्हणत होती. मग तिचं हं ऐकू येईनासं झालं.

तिला जाग आली तेव्हा इंजिन बंद होतं. बस यार्डातल्या झाडाखाली उभी होती. तिचं डोकं खिडकीला टेकलेलं, आणि उन्हाच्या बाजूचा पडदा कुणीतरी ओढून घेतलेला. बाहेर पाण्याचा पाइप ओढल्याचा आवाज झाला.

“ही गाडी राहू दे रे,” धनेशभाऊ दबक्या आवाजात सांगत होते. “आधी पलीकडच्या धुवून घ्या.”

कालिंदी उठणारच होती. तिने पदर सारखा केला, पाय वर घेतले आणि डोळे पुन्हा मिटले.