मामांचं दाढीचं यंत्र

सकाळी टेबल पुसायला घेतलं आणि फडक्याखालून काहीतरी निसटून फरशीवर टिणकन वाजलं. खटपटे जागीच थबकले. आवाज बारीक, चपट्या पोलादी स्प्रिंगचा होता. टाइपरायटर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तेवढं कानांनी कळतं. पण ती पडली कुठे, हे काही केल्या दिसेना. ते गुडघ्यांवर बसले आणि पीठ चाळल्यासारखा फरशीवरून तळवा फिरवू लागले.

"ती काय, तुमच्या डाव्या चपलेपाशी," दारातून बायको म्हणाली. "काय आहे ते?"

"काही नाही, कचरा," म्हणत त्यांनी ती उचलली आणि मूठ मिटली.

खटपटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत बायकोने ते नाव पाडलं होतं, कारण घरातलं एकही चालू घड्याळ त्यांनी उघडून बघितल्याशिवाय सोडलं नव्हतं. पुढे सगळ्या गल्लीने ते उचललं. टाइपरायटर गेले तेव्हा माणूस आता घरात बसून भिंती उकरणार अशी तिला धास्ती होती. पण त्यांना जुन्या रेझरचा नाद लागला, तेही साधे नव्हेत, स्वतःची धार स्वतः लावणारे. चष्म्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी अशी निकलची पेटी असते. तिच्या एका झाकणाला आतून दगड आणि दुसऱ्याला चामड्याचा पट्टा. दांडी मागे-पुढे ढकलली की जाड पातं त्यावरून सरकतं, टोकाला पोचलं की आपसूक उलटतं आणि दुसऱ्या बाजूने परत येतं. धार लागली की पातं काढून मुठीवर चढवायचं आणि दाढी करायची. एक पातं माणसाला जन्मभर पुरतं. अशा गंजलेल्या पेट्या लोक कुठून कुठून घेऊन यायचे आणि खटपटे त्या बोलत्या करून द्यायचे.

आदल्या संध्याकाळीच एक पेटी गेली होती. नेणारा चाळिशीतला, कायम घाईत असल्यासारखा माणूस होता. यंत्र त्याच्या मामांचं. मामा बोटीवर इंजिनखोलीत होते, महिनोन् महिने किनारा दिसत नसे, तेव्हा हेच यंत्र त्यांच्या उपयोगी पडलं. आता मामा घरातच असतात, हृदयाची झडप बदललेली आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. मध्यंतरी न्हाव्याच्या दुकानात दाढी करताना जरासं कापलं, तर रक्त थांबेना, शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून ते कुणाला गालाला हात लावू देत नाहीत. माझं यंत्र आणा, नाहीतर दाढी वाढू द्या, एवढंच म्हणतात.

"उद्या सकाळीच करतो," भाचा जाताना म्हणाला होता. "तुमच्या भरवशावर आहे बरं का."

त्या यंत्रात पातं मुठीला धरून ठेवणारा जो खटका असतो, त्याच्या पोटातली स्प्रिंग चिरलेली होती. खटपट्यांनी भंगारातून आणलेल्या तसल्याच दुसऱ्या पेटीतली चांगली स्प्रिंग काढली, चिरलेलीही काढली, दोन्ही रॉकेलमध्ये धुतल्या आणि फडक्यावर ठेवल्या. मग एक बसवली आणि दुसरी कुठे गेली ते पाहिलंच नाही. ती आता मुठीत होती. कुठली होती?

ते खिडकीशी गेले. भिंग लावलं. भिंगात स्प्रिंगऐवजी दुधात बुडवल्यासारखी राखाडी रेघ दिसली. गेले काही महिने असंच चाललं होतं. दिव्याभोवती धुकं धरायचं, म्हणून त्यांनी दोनदा बल्ब बदलला. भिंग जुनं झालं म्हणून नवं आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून बायको मागे लागली, तेव्हा बघू, हातातली कामं संपू देत, म्हणाले. आता त्यांनी डोळे मिटले आणि नखाने स्प्रिंग चाचपली. अखंड लागली. पण चीर केसाएवढी होती. ती नखाला लागलीच असती असं नाही.

अखंड असेल, तर मामांच्या यंत्रात चिरलेली गेली. धार लावताना तिचं कामच नसतं. खटका बोटाने दाबला तर घट्टच लागेल. पण गालावर दाब पडला आणि ती मोडली, की पातं सुटून तिरकं होईल. जाड, काल दुपारी त्यांनीच केस चिरेल अशी धार लावलेलं पातं.

त्यांनी भाच्याला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला, बंद.

"अहो, चहा गार होतोय," बायको आतून म्हणाली.

"आलोच जरा जाऊन."

"कुठे? अंगात बनियन आहे नुसतं."

शर्टाची बटणं लावतच ते जिना उतरले. बस डेपोच्या मागे लॉंड्री आहे, तिच्यावरच राहतो, असं भाचा बोलता बोलता म्हणाला होता. तेवढाच पत्ता. थांब्यावर बस आली. पाटी पुढ्यात येऊनही आकडा वाचता येईना, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलीला त्यांनी विचारलं, "डेपोची हीच ना गं?" ती हो म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा विचित्रच बघत राहिली. बहुतेक घामामुळे.

बसमध्ये जागा असूनही ते बसले नाहीत. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी सावकाश उतरायचं, सुटे पैसे शोधायचं, आणि खटपट्यांचा जीव वरखाली व्हायचा. आत्ता फेस केला असेल. आत्ता गाल ओढून धरला असेल. दवाखाना त्या घरापासून किती लांब? कुणाला सांगणार, की कुठली स्प्रिंग बसवली ते मला माहीत नाही? आणि का माहीत नाही?

लॉंड्री सापडली. बाजूचा जिना अंधारा होता, कठडा धरून ते चढले आणि दार ठोठावलं, ते सभ्य माणसाने ठोठावावं त्याच्या चौपट जोरात.

भाच्याने दार उघडलं. त्याच्या मनगटापर्यंत साबणाचा फेस होता.

"केली का दाढी?" खटपट्यांनी विचारलं.

"करतोच आहे. काका, तुम्ही इथे? काय झालं?"

"थांबा. पातं लावू नका गालाला. आधी मला यंत्र द्या."

आत खिडकीपाशी मामा खुर्चीत बसले होते, गळ्याला टॉवेल, चेहरा अर्धा फेसाने झाकलेला. बारीक अंगाचे, पण नजर मात्र इंजिनावर ठेवावी तशी रोखलेली. भाच्याने यंत्र हातात दिलं. खटपट्यांनी पातं सोडवलं, खटका उघडला आणि स्प्रिंग बाहेर काढली. दोन्ही स्प्रिंगा तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांना दोन राखाडी रेघा दिसल्या.

भाचा वाट बघत होता. मामाही.

"जरा तुम्ही बघता का?" खटपटे म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "एकीला मध्यावर चीर असेल. केसासारखी."

भाच्याने तळहातावर मान झुकवली. "ही तुटायला आलीय," तो लगेच म्हणाला. "ही, डावीकडची."

"डावीकडची मी घरून आणली ती. नीट बघा."

"नीटच बघतोय काका. यंत्रातली चांगली आहे. स्पष्ट दिसतंय की."

स्पष्ट दिसतंय. खटपटे जवळच्या खुर्चीत बसले, ती कुणाची हे न विचारता. यंत्रात काही चूक नव्हती. सकाळी मूठ उघडून बायकोपुढे धरली असती, तर तिने भाजी निवडता निवडता सांगितलं असतं आणि ते चहा पीत बसले असते. पण तिने विचारलं तेव्हा ते कचरा म्हणाले. आज बरोबर निघालं ते केवळ नशिबाने. बसवताना त्यांनी कुठलीही बसवली असती.

"साबण वाळतोय," मामा म्हणाले. "तुमचं काय ठरलं असेल ते करा."

खटपट्यांनी चांगली स्प्रिंग बोटांच्या सवयीने परत बसवली, भाच्याकडून खात्री करून घेतली आणि पातं पेटीत चढवलं. पट्ट्याचं झाकण लावून दांडी ढकलली. खट्, सर्र, खट्, सर्र. पातं चामड्यावर सपाट पडतंय की कोर घासतेय, हे आवाजातच कळत होतं. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

"हाच," ते म्हणाले. "हाच आवाज. बोटीवर वरच्या बंकवर झोपणारा शिव्या द्यायचा." मग डोळे उघडून म्हणाले, "आता तुम्हीच करा. ह्या पोराचे हात बघा, पान हलावं तसे हलतायत. तुमच्या येण्याने आणखीच घाबरलाय."

भाच्याने सुटका झाल्यागत साबणाचा ब्रश पुढे केला. खटपट्यांनी तो घेतला नाही.

"मला नाही करता येणार," ते म्हणाले. "मला दिसत नाही. म्हणजे, दिसतं, पण धूसर. बारीक काही दिसत नाही."

खालच्या लॉंड्रीतून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला.

"हे माझं यंत्र उघडलंत तेव्हाही?" मामांनी विचारलं.

"तेव्हाही."

मामांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागावले असते तर बरं, असं खटपट्यांना वाटलं. पण मामा भाच्याकडे वळले आणि म्हणाले, "मग तूच कर. कानशिलापासून खाली ये. जोर द्यायचा नाही, पात्याला त्याचं काम करू द्यायचं."

भाच्याने पातं मुठीवर चढवलं आणि नवा फेस केला. पहिला हात फिरला तेव्हा खटपटे खुर्चीच्या काठावर आले होते. दिसत नव्हतं म्हणून ते ऐकत होते. केस कापल्याचा बारीक करकर आवाज, पाण्यात खळबळ, पुन्हा करकर. उजवा गाल झाला. डावा झाला. हनुवटीखाली भाच्याचा हात एकदा अडला आणि तो म्हणाला, "अरे बापरे."

"काय? किती?" खटपटे उठले.

"थेंब आहे. वाढतोय."

मामांनी स्वतः कापूस घेतला आणि जबड्याखाली दाबून धरला. भाचा दर थोड्या वेळाने कापूस उचलायला हात पुढे करी आणि मामा तो झटकून टाकत. खटपट्यांच्या मनात दवाखान्याचा जिना, बंद फोन, बायकोचा चेहरा, सगळं फिरून गेलं. अखेर मामांनी कापूस काढला आणि भाच्यापुढे धरला.

"थांबलंय," भाचा म्हणाला, आणि पलंगावर बसून त्याने तोंडावरून ओला हात फिरवला.

"मला फुटकुळी होती तिथे," मामा म्हणाले. "यंत्राचा दोष नाही." मग खटपट्यांना म्हणाले, "डोळे दाखवून घ्या. माझ्याकडे परत यायचं तर दिसायला लागल्यावर या."

घरी आले तेव्हा बायको भाजी निवडत होती. खटपटे तिच्यासमोर पाटावर बसले आणि सगळं सांगितलं, बल्बपासून. त्यांचं संपल्यावर ती म्हणाली, "बल्ब बदलत होतात तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"मग बोलायचंस ना."

"बोलत होतेच की. तुम्ही बघू म्हणत होतात."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. सोपं असतं, सगळेच करतात, असं येताना बायको सांगत होती. खटपटे मान डोलावत होते, पण त्यांचं मन दुसरीकडेच होतं. धुकं धरायला लागल्यापासून आणखी किती पेट्या त्यांच्या टेबलावरून गेल्या होत्या?

घरी येऊन त्यांनी आठवून आठवून नावं सांगितली आणि बायकोने फोन लावले. पेट्या परत आणा, एकदा तपासून देतो, असं सांगायचं. एकाने आणतो म्हटलं. दुसऱ्याने यंत्र लोण्यासारखं चालतंय, कशाला उगाच, म्हणून फोन ठेवून दिला.

"त्याला पुन्हा लाव," खटपटे म्हणाले.

"आत्ताच तर नाही म्हणाला."

"तरी लाव. मी बोलतो त्याच्याशी. काय झालं ते सांगतो."

बायकोने नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे घंटी वाजत राहिली.