सुटी केलेली तार

शिंपीणबाईंचं अर्धं घर म्हणजे दुकानच. बाहेरच्या खोलीत मशीन, भिंतीला टांगलेल्या पँटी, कोपऱ्यात पडद्यांचा ढीग. समोरच्या घरात काका राहायचे. निवृत्त वायरमन. काकू गेल्यापासून एकटेच. दिवसातून तीनदा तरी बाईंची बेल दाबायचे. "सुईत दोरा ओवून दे गं." "या बाटलीवर काय लिहिलंय बघ." "आज वार कोणता?" आले की अर्धा तास हलायचे नाहीत. हातातलं काम तसंच पडून राहायचं आणि गिऱ्हाइकांची बोलणी बाईंना खावी लागायची.

एके दिवशी बेलचं बटण आत रुतून बसलं आणि बेल कोकलतच राहिली. बाईंनी मेन स्विच बंद केला, बटण उघडून एक तार सुटी केली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि झाकण परत लावून टाकलं. नवं बटण आणेपर्यंत एवढंच, असं स्वतःला सांगितलं.

त्याच दुपारी काका आले. बटण दाबलं, थांबले, पुन्हा दाबलं. दार हलकेच वाजवलं. बाई दाराच्या भिंगाला डोळा लावून श्वास रोखून उभ्या होत्या. काकांची पाठ वळली तेव्हा त्यांना हायसं वाटलं. संध्याकाळच्या आत पाच पँटी हातावेगळ्या झाल्या. मग बटण आणायचं राहूनच गेलं. एक आठवडा, दोन आठवडे.

तिसऱ्या रविवारी नवरा बटण घेऊन आला, आणि सोबत काकांनाही. "जिन्यात भेटले. म्हटलं, घरचा वायरमन असताना बाहेरचा कशाला?"

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खांद्याला जुनी हत्यारांची पिशवी. चेहरा नुसता खुलला होता. "म्हणजे बेल बिघडली होती होय! मला वाटलं, तू रुसलीस की काय माझ्यावर."

बाई कशाबशा हसल्या. थांबवावं तर कोणत्या तोंडाने?

काकांनी मेन बंद करायला लावला, टेस्टर लावून खात्री केली आणि झाकण काढलं. आत तार बाजूला वळवलेली, टोकाला नीट पट्टी. काकांचा हात तिथेच थांबला. बाईंना वाटलं, आता हे मागे वळून बघणार. काकांनी बघितलं नाही.

"काय झालंय हो?" नवऱ्याने विचारलं.

"स्प्रिंग गेलीय. जुनं झालं बटण."

पट्टी सोडवून त्यांनी खिशात टाकली, नवं बटण बसवलं आणि बेल वाजवून दाखवली. बाई चहा टाकायला निघाल्या तर म्हणाले, "नको गं. तुला काम असेल."

त्यानंतर तीन दिवस काका फिरकले नाहीत. बाईंचं कामात लक्ष लागेना. एका पँटचा पाय त्यांनी चार बोटं जास्तच कापला. चौथ्या दिवशी त्यांनी काकांची बेल दाबली.

"काका, ती तार मीच..."

"कळलं मला. जन्मभर हेच केलं. आपोआप तुटलेल्या तारेच्या टोकाला पट्टी नसते."

"चुकलं माझं."

"बेल वाजायची नाही, पण मी दार वाजवलं की आतलं मशीन थांबायचं. तेव्हाही शंका आली होती. मग म्हटलं, छे, ती नाही तसं करणार." काकांनी मान हलवली. "अगं, तोंडावर सांगायचंस. काका, नंतर या. मी काय खाणार होतो तुला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." बाईंनी वाक्य अर्ध्यावरच सोडलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पाचला मशीन बंद करते मी. पाचनंतर येत जा. खरंच या."

"बघू," काका म्हणाले.

ते येऊ लागले. रोज नाही, दोन-तीन दिवसांआड, पाच वाजून गेल्यावर. बटण एकदाच, तेही जेमतेम दाबतात. दार उघडलं तरी पाय आत टाकत नाहीत. आधी विचारतात, "वेळ आहे ना गं?"

"आहे, आहे, या ना," बाई जरा मोठ्यानेच म्हणतात. पण काकांच्या डोळ्यांत बघून म्हणणं त्यांना अजून जमलेलं नाही.