तीस मोजेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. भाजी चिरणारी समजून हाक माराल तर ओ देणार नाही. मी कलमाची सुरी. माझं पातं तुमच्या मधल्या बोटाएवढं, मूठ शिसवी लाकडाची, एकाच हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण सालीखाली काय चालतं ते मला विचारा. आणि आणखी एक सांगते, म्हणजे मागाहून म्हणायला नको. मला भीती वाटते. लोखंडाला कसली भीती, असं म्हणून हसू नका. पुढचं ऐका.

मोटारीच्या मोडक्या पाट्यातून लोहाराने मला घडवलं. मालकिणीच्या हातात देताना तो म्हणाला, "बाई, हिला दुसऱ्याच्या हातात देऊ नका."

"घराची किल्ली देईन एकवेळ, पण ही नाही," मालकीण म्हणाली. एकतीस वर्षं तिने शब्द पाळला.

आमची संत्र्याची रोपवाटिका. तिथे जाळीघरात आठ मोठी झाडं आहेत, त्यांना मातृवृक्ष म्हणतात. त्यांच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला बारीकसा कोंब, मी सालीसकट अलगद काढते. मालकीण तो दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवते आणि वर पट्टी बांधते. तीन आठवड्यांनी डोळा फुटतो, नवं संत्र्याचं झाड जन्माला येतं. मी सुईणच म्हणा ना! हजारो बाळंतपणं केली आणि एकाही डोळ्याला ओरखडा नाही. लोक म्हणत, "हात बाईंचा, पण धार सुरीची." ते ऐकून मी फुगत असे. आता फुगत नाही.

दरवर्षी तपासणीस येतात. गळ्यात भिंग, हातात पिशव्या. प्रत्येक मातृवृक्षाची पानं तोडून नेतात, प्रयोगशाळेत तपासतात. रोग नाही असं निघालं तर दाखला मिळतो आणि प्रत्येक रोपाला चिठ्ठी बांधता येते, हे रोप निरोगी आहे म्हणून. त्या चिठ्ठीच्या भरवशावर लोक झाड लावतात आणि पुढची वीस वर्षं त्याच्याकडे बघत राहतात.

सूनबाई घरात आली तेव्हा शिकून आली होती. तिने जाळीघराच्या दाराशी एक बरणी ठेवली. आत उग्र वासाचं औषधाचं पाणी. नियम असा, की एका झाडाचं काम झालं की सुरी बरणीत बुडवायची, तीस आकडे मोजायचे आणि मगच दुसऱ्या झाडाला हात लावायचा.

मला त्या पाण्याचा भारी राग. अंगाची आग होई, पात्यावर तांबूस ठिपके उठत. मालकिणीलाही ते अपमानाचं वाटे. "माझ्या सुरीला काय खरूज झालीय?" ती म्हणे. मला बुडवे आणि मोजे, "एक, दोन, पाच, अकरा, तीस!"

"आई, मधले कुठे गेले?"

"तुझ्या माहेरी गेले. काम कर."

मी मनातल्या मनात हसत असे. त्या हसण्याची आज लाज वाटते.

एके सकाळी मालकीण बहिणीकडे गेली. बहिणीच्या अंगणात एक संत्र्याचं झाड होतं. "तुझा हात लागू दे गं माई याला, कसंनुसं झालंय," बहीण म्हणाली. मालकिणीने मला काढलं, वाळक्या काड्या छाटल्या. बुंध्याजवळची साल जुन्या रंगासारखी पापुद्रे धरून सुटली होती. तीही माझ्या टोकाने खरवडून पाहिली. त्या सालीखाली मला काहीतरी ओशट, आजारी लागलं. एकतीस वर्षांत तसं लागलं नव्हतं. पण मी कोणाला सांगणार?

दुपारी घरी आलो. तीन मातृवृक्षांच्या काड्या त्याच दिवशी हव्या होत्या. मालकिणीने कमरेच्या फडक्याला मला पुसलं आणि जाळीघरात शिरली. पहिलं झाड तिने स्वतः लावलेलं, सगळ्यांत थोरलं. मी त्याच्या सालीत गेले. तशीच दुसऱ्याच्या. तशीच तिसऱ्याच्या.

बाहेरून सूनबाईचा आवाज आला, "आई, सुरी बुडवली ना?"

"बुडवली गं बाई, बुडवली!"

तिघांचे मिळून दोनशे दहा रोपांवर डोळे भरले. मग जाळीघराला कुलूप लागलं.

अकराव्या दिवशी बहिणीचा फोन आला. तिचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता. "अगं माई, ते झाड उपटायला सांगितलं! साल सुटण्याचा रोग आहे म्हणे. औषधच नाही त्याला. हत्यारावरून पसरतो. छाटणी कोणी केली विचारत होते. मी नाही हं तुझं नाव सांगितलं!" आणि ती हसली.

मालकीण हसली नाही. तिचा हात माझ्या मुठीवर आला आणि मूठ ओली झाली. त्या दिवसापासून ती रोज जाळीघरात जाऊन तिन्ही झाडांचे बुंधे चाचपू लागली. साल घट्ट होती. पानं हिरवीगार. पण हा रोग असा लबाड, की मातृवृक्षाच्या अंगावर वर्षानुवर्षं दिसतच नाही. दिसतो तो त्याच्या लेकरांच्या बुंध्यावर, चार-पाच वर्षांनी, दुसऱ्यांच्या शेतात.

ती जेवताना घास हातात धरून बसे. सूनबाई म्हणे, "आई, बरं नाही का?" तर ती खेकसे, "मला काय धाड भरलीय?" मी कमरेला लटकलेली असायची आणि ती मला फडक्याने पुन्हा पुन्हा पुसायची. माझ्याही पात्यावर तो रोग बसला होता. पुसून जाणारा नव्हताच तो.

आणि मग तपासणीस आले, ते चांगली बातमी घेऊन. "मावशी, आठही झाडं निरोगी! पेढीच उघडलीय तुम्ही आरोग्याची. हा दाखला, ह्या चिठ्ठ्या."

अहवाल खोटा नव्हता, मित्रांनो. पण ती पानं त्यांनी तोडून नेली होती बहिणीकडच्या त्या सकाळच्या आदल्या आठवड्यात.

सूनबाईचा चेहरा उजळला. तपासणिसांनी थोरल्या झाडाला चिठ्ठी बांधायला घेतली. मालकीण दारात उभी. कोणालाच काही कळणार नव्हतं. बहीण बोलणार नव्हती, झाडं बोलणार नव्हती, मला तर तोंडच नाही. एवढी घाबरले मी, की कमरेवरून निसटून पडावं, कोणाच्या तरी पायावर पडावं असं वाटलं.

"साहेब, थांबा." मालकिणीचा आवाज चिरकला. तिने मला काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "हिच्यावर रोग आहे. आजारी झाड छाटून आले आणि तशीच इथे चालवली. तीन झाडांवर. सून विचारत होती, बुडवली का. मी हो म्हटलं."

सूनबाई खाली बसली. म्हणाली, "आई, तीस आकडेच तर होते."

"येत होते गं मला सगळे," मालकीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तपासणिसांनी दाखला परत पिशवीत घातला. तिन्ही झाडांना लाल फीत बांधली, दोनशे दहा रोपं वेगळी काढली आणि तिन्ही झाडांचे डोळे महाळुंगाच्या, म्हणजे जाड सालीच्या मोठ्या लिंबाच्या, तीन रोपांवर भरायला लावले. महाळुंगाला हा रोग लपवता येत नाही, त्याची पानं खाली मुडपतात. मग वाट पाहणं आलं. रोज सकाळी मालकीण त्या तीन कुंड्यांसमोर पान न् पान बघत उभी राही.

पाचव्या महिन्यात पहिल्या कुंडीतलं एक पान मुडपलं. मग दुसरं. ते थोरल्या झाडाचं होतं. बाकी दोन कुंड्या सरळ राहिल्या. त्या दोन झाडांची पुन्हा तपासणी झाली, तीही स्वच्छ निघाली. थोरलं झाड मुळासकट काढलं. त्याची सत्तर रोपंही. पेटवलं मालकिणीने, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

तर मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी उलटं सांगते. मला जपू नका. माझी कीव करू नका, माझ्या धारेचं कौतुक करू नका. मी गंजले तर नवी आणा. पण मला बुडवा. मी कितीही चकाकत असले तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, कारण माझ्या अंगावर काय बसलंय ते मला पुसता येत नाही आणि तुम्हाला दिसत नाही.

आता पातं अर्धं झिजलंय, ठिपक्यांनी भरलंय. आजही दोन झाडांच्या मध्ये मी बरणीत आहे. अंगाची आग होते आहे. मालकीण वर उभी राहून मोठ्याने मोजते आहे, सूनबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. अकरा. बारा. तेरा. एकही आकडा माहेरी गेलेला नाही.