मेण प्यायलेली ताडपत्री

मित्रांनो, माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागं जी खाकी घडी दिसते, तिला गोणपाट समजून पाय पुसू नका. मी एक जुनी ताडपत्री आहे. अंगावर ठिगळं आहेत, कडेच्या पितळी कड्या काळ्या पडल्या आहेत, आणि जवळ आलात तर मेणाचा वास येईल. त्या वासामागं एका बाईचा हात आहे.

माझा जन्म मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका शिलाई मशीनवर झाला. जाड कापडाच्या पट्ट्या जोडल्या, त्यांना मेण आणि तेल पाजलं आणि मला ट्रकवर चढवलं. वैजापूरचा कांदा झाकायचा, एवढंच माझं काम. कितीतरी पावसाळे मी त्या कांद्याला थेंब लागू दिला नाही. ड्रायव्हर उतरला की मला थोपटायचा. कौतुक मला तेव्हापासून आवडतं, लपवून काय करायचं! मग एकदा वळणावर बाभळीच्या फांदीत अडकले आणि मधोमध फाटले. माझी अर्धी बहीण कुठं गेली, देव जाणे. उरलेली मी छावणीच्या आठवडी बाजारात, गंजकी कुलपं आणि सायकलच्या वाकड्या चाकांशेजारी येऊन पडले. येणारे-जाणारे मला नाकाला रुमाल लावून ओलांडायचे. कांद्याचा वास काही जाता जात नव्हता.

तिथं मला बद्रीनाथ भेटले.

बद्रीनाथ चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांचं गाव पैठणजवळच्या धरणात, नाथसागराच्या पाण्याखाली गेलेलं. घर गेलं, शेत गेलं. ते शहरात आले आणि धाकटा भाऊ सांडू गेवराईकडं बायकोच्या माहेरी जाऊन शेती करू लागला. दोघा भावांना भेटायला गावच उरलं नाही. म्हणून ते वर्षातून तीन-चारदा पाण्याच्या काठावर भेटायचे. गळ टाकून बसायचे, मासा मिळाला तर तिथंच भाजायचे, आणि समोरच्या पाण्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "तिथं आपला गोठा होता. तिथं चिंच."

रात्री तिथंच राहणं भाग होतं. बद्रीनाथांच्या बायकोच्या, द्वारकाबाईंच्या गळ्यात माळ होती. घरात मासा येत नसे, कांदा-लसूणही नसे, आणि मासा खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी अंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नसे. द्वारकाबाई खाणाऱ्याला नाव ठेवत नसत, फक्त उंबरा सोडत नसत. म्हणून बद्रीनाथ काठावर खायचे, काठावरच निजायचे, आणि सकाळी पाण्यात डुबकी मारून घरी यायचे.

पण मागच्या खेपेला रात्रभर पावसात भिजले आणि छातीत कफ भरला. दवाखान्यातून आणल्यावर द्वारकाबाईंनी सांगून टाकलं, "डोक्यावर धड छप्पर असल्याबिगर आता पाण्याकडं जायचं नाय. सांडूभाऊजींना आपल्याकडं बोलवा."

"इथं येऊन काय बघंल तो? नळ?" बद्रीनाथ म्हणाले.

म्हणून छपराचा शोध सुरू झाला. दुकानातला रंगीत तंबू सुरेख होता, पण किंमत ऐकून बद्रीनाथ नुसतेच हसले आणि बाहेर आले. वर्षातून चारदा निजायला एवढा थाट कशाला! प्लास्टिकचा कागद स्वस्तात आणला, तर गच्चीवरच वाऱ्यानं त्याच्या चिंध्या केल्या. मिलिटरीचा जुना तंबू मजबूत होता, पण तो उचलायलाच दोन गडी लागायचे. एसटीच्या टपावर एकट्यानं चढवता येईल, काठीवर ताणता येईल आणि खिशाला सोसेल असं काही मिळेना.

मग मी. भंगारवाले चाचा मला झटकत म्हणाले, "लेव ना भाई! बास पे मत जाव. पानी का कतरा नई आएंगा."

वासाकडं कानाडोळा करून बद्रीनाथांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं. इतक्या दिवसांनी मी कुणाच्या तरी कामाची झाले होते. रस्ताभर मी फडफडत आले.

घरात पाऊल टाकायच्या आधीच द्वारकाबाईंनी पदर नाकाला लावला. "अहो, हा कांदा कुठून उचलून आणला?"

"कांदा नाय गं, ताडपत्री हाय."

"माझ्या घरात ही अशी नाय यायची."

आणि मग जे झालं ते फक्त याच घरात होऊ शकलं असतं. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ कारखान्यात गेल्यावर त्या माउलीनं घंगाळभर पाणी तापवलं, धुण्याचा सोडा टाकला, मला बुडवलं आणि मोगरीनं बडव बडव बडवलं. पाण्यावर पिवळट तवंग आला. तो त्यांनी मोरीत ओतला आणि पुन्हा धुतलं. संध्याकाळी मी इतकी स्वच्छ झाले होते की मलाच माझी ओळख पटेना. कांद्याचा वास गेला. त्याबरोबर काय गेलं ते मला कळत होतं, पण ताडपत्रीला तोंड कुठं असतं?

रविवारी गच्चीवर परीक्षा झाली. दोन काठ्यांवर मला ताणलं, आत बद्रीनाथ मांडी घालून बसले. द्वारकाबाईंनी बादली उचलली. "बसलात ना नीट?"

"ओत! कांदा भिजला नाय, मी काय भिजतो!"

बादलीतलं पाणी माझ्या अंगावर पडलं आणि चाळणीतून गळावं तसं सरळ त्यांच्या टकलावर गेलं.

द्वारकाबाई आधी खळखळून हसल्या. मग बद्रीनाथ बाहेर आले, तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "सांडूला निरोप धाडतो. येऊ नको म्हणून." आणि खाली निघून गेले. माझी घडीसुद्धा त्यांनी घातली नाही.

हसू जागच्या जागी थांबलं. द्वारकाबाईंनी ओल्या कापडाचा कोपरा चिमटीत धरून चोळून पाहिला. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "कांदा भिजत नव्हता. मग मी काय धुऊन काढलं? तो तवंग..."

उठल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. त्या घरात वीज गेली की मेणबत्ती लागे, आणि उरलेला तुकडा द्वारकाबाई कधी फेकत नसत. फळीवर मेणबत्त्यांच्या थोटकांचा डबाच होता. त्यांनी ती सगळी वितळवली, त्यात जवसाचं तेल घातलं आणि भर उन्हात मला गच्चीवर अंथरून जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं ते माझ्या अंगात मुरवलं. वर कोळशाची इस्त्री फिरवली. बद्रीनाथ जिन्यात येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"काढलं मी, मीच घालते. निरोप धाडला का?"

"नाय अजून."

"मग धाडू नका. आणि तिथं उभं राहण्यापरीस ते टोक धरा."

पुन्हा परीक्षा झाली. एक बादली, दुसरी बादली. पाणी माझ्या पाठीवरून मोत्यांसारखं घरंगळलं. आतून आवाज आला, "अगं, ओततेस का नुसतीच उभी हायस?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळी शाबासकी एका पारड्यात आणि ते वाक्य दुसऱ्यात.

त्या वर्षी हस्ताच्या पावसात दोन्ही भाऊ माझ्याखाली कोरडे बसले. सांडू बोटानं माझं अंग चाचपून म्हणाला, "दादा, वैनीनं हिला आपल्यापरीस जास्त जीव लावला!" पुढं कित्येक वर्षं मी त्यांच्याबरोबर गेले. फाटले की द्वारकाबाई ठिगळ लावायच्या, उन्हाळ्यात मेण पाजायच्या. मासा मात्र त्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही.

मग पावसानं दगा दिला. धरण आटत गेलं, पाणी मागं मागं सरकलं, आणि सांडूचा निरोप आला, "गाव उघडं पडलंय." या खेपेला द्वारकाबाई म्हणाल्या, "मी पण येते. माझी चूल वेगळी मांडीन."

भेगाळलेल्या चिखलातून तिघं चालत गेले. मातीच्या भिंती केव्हाच विरघळल्या होत्या. चिंचेचं काळं खोड उभं होतं, आणि त्यापुढं घराचं दगडी जोतं, जसंच्या तसं. द्वारकाबाई पायरीशी थांबल्या. याच पायरीवर नव्या नवरीचं माप ओलांडून त्या आत गेल्या होत्या. दोघं भाऊ जोत्यावर चढून काठ्या रोवायला जागा बघत होते.

"इथं ताणा," द्वारकाबाई म्हणाल्या. "इथं माजघर होतं."

मला ताणलं. भावांनी मासा बाहेर, चिंचेच्या खोडापाशी भाजला. द्वारकाबाईंनी पिठलं-भाकरी जोत्यावर केली. दिवस मावळताना भाऊ हात धुऊन आले आणि सवयीनं पायरीखालीच थांबले. मासा खाल्लेला होता ना!

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पदर सावरून म्हणाल्या, "या आत. आपल्याच घराला कसला आलाय उंबरा?"

त्या रात्री मी त्या घराचं छप्पर होते. कांद्यावर पांघरलेली, बाभळीनं फाडलेली, भंगारात पडलेली मी! यापेक्षा मोठा मान कुणाला मिळाला असेल, तर तो मला माहीत नाही. पुढच्या पावसात जोतं पुन्हा पाण्याखाली गेलं.

आता दोघं भाऊ थकले आहेत, द्वारकाबाई थकल्या आहेत आणि मीही. तक्रार काही नाही. एवढंच मागणं आहे मित्रांनो. मला ओली असताना गुंडाळू नका, बुरशी धरते. सोड्यानं तर मुळीच धुऊ नका. आणि उन्हाळ्यात कधी आठवण झाली, तर डब्यातली थोटकं वितळवा. नाथसागराचं पाणी पुन्हा कधी मागं सरकलं, तर कुणालातरी त्या जोत्यावर मला ताणावं लागेल. कुठं ताणायचं ते मी विसरलेले नाही. माजघरात.