धनेशचा वाटा

सुज्ञ वाचकहो, आमच्या मालवण किनाऱ्यावरील रापणीचे, म्हणजे सामायिक जाळे किनाऱ्यावरून ओढणाऱ्या संघाचे, जुने सभासद गंगाराम तांडेल यांच्या आयुष्यातील एका सकाळची हकीकत मी आपणांपुढे विनयपूर्वक मांडीत आहे. त्या सकाळी मीही दोरीवर होतो, म्हणून पाहिले तेवढेच लिहीन.

जाळे समुद्रात अर्धचंद्राकार पडले होते आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या आम्ही किनाऱ्यावरून ओढीत होतो. इतक्यात वाळूपलीकडे गाडी थांबली व धनेश उतरला. हा गंगारामांच्या बहिणीचा मुलगा, आमच्या मतांवर निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य. दिव्यांच्या झोतात मासे लुटून नेणाऱ्या मोठ्या नौकांविरुद्ध लढेन, असे त्याचे वचन होते. त्या वचनावर गंगारामांनी त्याच्यासाठी घरोघरी जाऊन, ‘माझ्या शब्दाक मत घाला’, अशी विनवणी केली होती. आणि आता, त्या नौकांचे मालक ज्या पक्षाच्या व्यासपीठावर बसतात, त्याच पक्षात धनेश काही सदस्यांच्या गटासह जात असल्याचे आदल्या दिवशी सर्वांस कळले होते. लोकांच्या नजरा धनेशपेक्षा त्याच्या मामांकडेच अधिक वळत होत्या.

धनेशने विजार दुमडली आणि मामांच्या मागे दोरी धरली. टोपली घेऊन उभ्या असलेल्या गंगारामांच्या पत्नी सावित्रीमामी म्हणाल्या, “बघ हां रे, मधीच सोडून पलीकडच्या टोकाक जातलंस. म्हणान सांगतंय.”

दोरीवरची माणसे हसली. धनेशही थोडा हसला.

“मामा, विरोधात बसान माझो फोन कोण उचलणा नाय. बंधारो होयो, जेटी होयी. थंय गेलंय तर कामा होतली. मी काय कोणाचो गडी आसय? पटला नाय तर माणसान पक्ष बदलूचो नाय?”

“बदल मरे. तुका कोणी बांधून घालूक नाय.”

“मगे उद्या ओरोसाक पक्षप्रवेशाक चला, रापणीची माणसा घेवन. तुम्ही बाजूक उभे रवल्यात तर लोक काय बोलूचे नाय.”

गंगारामांनी दोरी सोडली नाही, मागे वळूनही पाहिले नाही.

“तू जा. पण आमची मता हंय ठेवन जा. राजीनामो दी, नव्या चिन्हार उभो रव, परत मागूक ये. लोकांनी दिली तर पयलो हार माझो. तसो मी येवचंय नाय.”

“आणि हरलंय तर?”

“तर तुका लोकांचा उत्तर गावला.”

धनेशचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही. बंधारा आम्हांस हवाच होता. तरीही माझ्या हातातील दोरी त्या क्षणी अधिक जड झाली, हे सत्य होय.

जाळे आले. वाळूवर बांगड्यांचे वाटे पडू लागले. रापणीचा नेम असा की, दोरीला हात लावील त्याचा वाटा, मग तो वाटसरू का असेना. वाटे घालण्याचे काम गंगारामांचे. त्यांनी धनेशचाही वाटा घातला.

दोरीवरच्या तरुण मितेशला ते सहन झाले नाही. तो गंगारामांना म्हणाला, “तात्यानू, तेका कित्याक? तेना आमका इकल्यान.”

“दोरयेक हात लायल्यान ना? मगे तो वाटो तेचो. तेना शब्द मोडल्यान म्हणान आपण नेम मोडूचो?”

धनेशने त्या ढिगाकडे पाहिले. “नको मामा,” तो हळूच म्हणाला, “गाडयेत वास मारतलो.”

पाय धुऊन तो निघून गेला.

हळूहळू किनारा रिकामा झाला; मी जाळे साफ करीत मागे राहिलो होतो. तो एक वाटा मात्र तसाच राहिला, आणि गंगाराम त्याच्याशेजारी बसून पंच्याने कावळे हाकलीत राहिले. एका पर्यटकाने भाव विचारला, तेव्हा ते शुद्ध भाषेत म्हणाले, “विकायचे नाहीत. दुसऱ्याचे आहेत.”

ऊन चढले. बांगड्यांचे डोळे पांढुरके होऊ लागले. सावित्रीमामी परत येऊन म्हणाल्या, “चला घराक. तो काय आता येवचो नाय.”

“म्हायत आसा,” गंगाराम म्हणाले.

ते उठले, परंतु घरी गेले नाहीत. त्यांनी केवळ बसण्याची जागा बदलली, आपली सावली त्या बांगड्यांवर पडेल अशी.

येथे लेखणी खाली ठेवतो. आपण आपला अमूल्य वेळ या साध्या माणसासाठी दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

गुरुदास आडकर,
दोरीवरचा एक, मालवण