पोळ्याच्या दिवशी जू

पोळ्याच्या दिवशी पुंजारामच्या छातीत पुन्हा कळ उठली, आणि नशीब असं दळभद्री की नेमकी बैलांवर झुली चढवताना उठली. झूल हातातच राहिली नि गडी गोठ्यात मटकन खाली बसला. घामानं नुसता निथळत होता.

तानुबाई पुरणाचं पातेलं चुलीवर तसंच टाकून धावली. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. असा राखेसारखा रंग तिनं उन्हाळ्यात एकदा पाहिला होता. तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, काळजाच्या नळ्यांत चरबी साचली आहे, तूप-तेल तोडा, आणि पुन्हा कळ आली तर त्याच घडीला निघा, वार-तिथी पाहू नका. त्या दिवसापासून बाईनं नवऱ्याच्या भाकरीला तुपाचं बोट लावलं नाही. गाव तोंडावर म्हणायचं, घरात दुभती म्हैस अन् हे नवऱ्याले कोरडं चारते! म्हणेना का. तिला नवरा हवा होता, गावाची शाबासकी नको होती.

पण निघायचं कशानं? तेल्हाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत सडक नाही, आणि पावसानं काळ्या मातीचा असा चिखल केलेला की जीप सोडा, सायकलही चालेना. चालली तर बैलबंडीच. आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं म्हणजे गावाच्या लेखी महापाप.

धाकटा दीर उत्तमराव दारातच होता.

"भाऊजी, बंडी जुपा."

"वहिनी, डोकं ठिकाण्यावर हाय काय तुमचं? आज जू ठेवते काय कोनी? घराचं वाटोळं होईन."

"अन् हे गेले तं वाटोळं नाही होनार?"

"गॅस धरला असंन. ओवा द्या. उद्या पाहाटी मी सोता घेऊन जातो."

उत्तमराव वाईट माणूस नव्हता हो. भावासाठी अंगातलं रक्त काढून दिलं असतं त्यानं. पण जू? नाही म्हणजे नाही. शेजारीपाजारी जमले, त्यांनीही माना हलवल्या. कोणी छातीला तेल चोळलं, कोणी ओवा चावायला दिला, आणि या शहाणपणात उन्हं कलली. कहर तर पुंजारामनंच केला. धड शब्द फुटत नव्हता, तरी म्हणतो कसा, "लीलाची माय, त्याइले तरास नोको देऊ. सालभर राबले ते."

मग मात्र बाईचं टाळकं सटकलं. "अन् तुमी काय सालभर झोपले होते?"

तिनं स्वतः झुली ओढून काढल्या, स्वतः बैल बंडीला लावले. पुंजारामला उचलून आत ठेवायला चार जण आले. जुवाला मात्र एकानंही हात लावला नाही.

शिंगांना बेगड लावलेले बैल बिचारे मुकाट निघाले. गावाबाहेरच्या नाल्यात चाक आसापर्यंत रुतलं. बाई चिखलात उतरली, चाकाला खांदा दिला, बैलांना हाका मारमारून घसा फोडला. शेवटी एकदाचं चाक सुटलं. तिनं मागं येऊन नवऱ्याच्या तोंडावर हात फिरवला, तर श्वास नव्हता.

दहाव्यापर्यंत गावानं निकाल लावून टाकला. चरबी नाही, उशीर नाही, काही नाही. चांगला बोलत होता माणूस, बाईनं जू ठेवलं अन् घात झाला! उत्तमराव भावासाठी धाय मोकलून रडला, आणि दुसऱ्याच दिवशी बैल आपल्या गोठ्यात घेऊन गेला. तानुबाईला त्यांना चाराही घालू देईना. तिला भांडायचं होतं, पण भांडायला अंगात जीव कुठं उरला होता?

अंजनगावला दिलेली लेक लीला आली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. घरात दोघीच असताना तिनं विचारलं, "माय, तू जू ठेवलं नसतं तं बाबा वाचले असते काय वं?"

डॉक्टरचा शब्द न् शब्द तानुबाईला पाठ होता. तोच सांगायला तिनं तोंड उघडलं. पण इतक्या जणांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की आता तिचाच तिच्यावर विश्वास राहिला नव्हता.

"काय मालूम, बाई," ती म्हणाली. "वाचलेही असते."