ताऱ्यावरची खोळ

मी एनिड स्क्रिमशॉ. हवाई दलातल्या मोठ्या साहेबांची गाडी मी बावीस वर्षं चालवली, आणि एवढ्या वर्षांत गाडीला एकच ओरखडा पडला. तोही चर्चच्या फाटकानं मारला, मी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी नणंद थेल्मा आमच्या स्केलथॉर्प गावात भलतंच सांगत फिरते.

माझे साहेब एअर कमोडोर होते. हे जरा नीट समजून घ्या, पुढं लागणार आहे. हवाई दलात माणूस वर चढतो तशा त्याच्या बाहीवरच्या पट्ट्या वाढत जातात. ग्रुप कॅप्टन झाला की चार होतात. त्याच्याही वर गेला की त्या चारही उसवून टाकतात आणि त्यांच्या जागी एकच घसघशीत रुंद पट्टी शिवतात. तो एअर कमोडोर. माझ्या सासूबाईंनी साहेबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अगं बाई, काय केलं गं या बिचाऱ्यानं? तीन काढून घेतल्या की!"

ही गोष्ट मी साहेबांना सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "मिसेस स्क्रिमशॉ, नावाचं तर याहून वाईट होणार होतं. १९१९ साली हुद्द्यांना नवी नावं हवी होती, तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून 'आर्डियन' निघालं. मी झालो असतो 'चौथा आर्डियन'. नशीब, शेवटी नौदलाचा कमोडोर उचलला आणि त्याच्यापुढं हवा भरली."

साहेबांचं नाव ऑब्री विन्स्लेड. वय बावन्न, उंच, आणि कान असे की टोपी त्यांच्यावरच टेकायची. माणूस सोन्यासारखा. पण हुद्दा असा की बोलायला माणूसच उरत नाही. ग्रुप कॅप्टनच्या हाताखाली अख्खा तळ असतो, विमानं असतात, सकाळपासून आरडाओरडा असतो. एअर कमोडोरला मिळतं टेबल, ढीगभर फायली, पाच तळांची तपासणी आणि गाडीच्या पुढं लावायची एक निळी पाटी. पाटीवर एक तारा.

हा तारा गाडीचा नाही बरं का, साहेबांचा. ते आत बसले असतील तर तारा उघडा. मग फाटकावरचा पहारा धावत बाहेर येतो, टाचा जुळतात, सलाम झडतात. साहेब उतरले की मी पाटीवर काळी खोळ चढवायची आणि दोन बटणं लावायची. खोळ घातली म्हणजे गाडीत साहेब नाहीत, कुणी उठायचं कारण नाही. नियम एवढा साधा, आणि तो मी बावीस वर्षांत एकदाच विसरले. त्याचीच ही गोष्ट.

साहेबांच्या बायको रोझमंड या गोष्टीच्या तीन वर्षं आधी गेल्या. मार्मलेड, म्हणजे कडू संत्र्यांचा सालासकट मुरांबा, त्या करायच्या. त्या फेब्रुवारीत साहेबांना काय वाटलं कोण जाणे, पेटीभर कडू संत्री आणली आणि सरकारी बंगल्याच्या स्वयंपाकघरात स्वतः पातेलं चढवलं. अकरा बरण्या झाल्या. दोन स्वतःला ठेवून नऊ वाटल्या. आणि काय ते कौतुक! ग्रुप कॅप्टन म्हणाले, असं मार्मलेड लंडनमध्ये मिळत नाही. पाद्रीबाबांनी डोळे मिटले. एका विंग कमांडरच्या बायकोनं कृती लिहून मागितली. मला साहेब दर मंगळवारी पावाच्या दोन तुकड्यांत घालून द्यायचे. मी म्हणायचे, "छान झालंय, सर."

मग जूनमध्ये एकदा साहेब त्याच विंग कमांडरकडे चहाला गेले. परत येताना गाडी निम्म्या वाटेवर आल्यावर म्हणाले, "त्यांच्या गॅरेजचं दार वाऱ्यानं बंद होतं. होऊ नये म्हणून खाली काहीतरी लावलंय."

"हो का, सर?"

"माझी बरणी लावलीय. सील फोडलेलं नाही."

मी आरशात पाहिलं. कान पडलेले. म्हणाले, "मी विनोद सांगितला की सगळे हसतात. टेनिसला मी जिंकतो, आणि मला टेनिस येत नाही. रोझमंड होती तोवर घरात एक तरी माणूस तोंडावर बोलणारं होतं. आता मला मार्मलेड येतं की नाही, हेसुद्धा कुणी खरं सांगायचं नाही का?"

आणि मी, शहाणी, पटकन बोलून गेले, "सर, आमच्या गावच्या प्रदर्शनात, घरच्या पदार्थांच्या स्पर्धेत ठेवा की. मिस ऑटीवेल परीक्षक आहेत. त्या कुणाच्या बापाला भीत नाहीत."

मिस ऑटीवेल म्हणजे वय ऐंशी, उंची पावणेपाच फूट. युद्धात हवाई दलाच्या मुदपाकखान्यात तीनशे माणसांचं रांधायच्या. आमच्या भागातल्या जुन्या बायका समोर कोणीही असो, सगळ्यांना 'बाळ' म्हणतात. मिस ऑटीवेल तर बिशपनासुद्धा म्हणतात.

"पण माझं नाव दिसलं की झालंच," साहेब म्हणाले.

"माझ्या नावानं ठेवू."

तर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी, वर्ग सदतीस, मार्मलेडची एक बरणी, नाव एनिड स्क्रिमशॉ. ठेवून आले. दुपारी साहेबांना एका तळाच्या तपासणीहून आणलं. येताना त्यांनी मागच्या सीटवर कोट काढून जुनं लोकरी जाकीट चढवलं, आणि चर्चच्या उताराशी उतरले. म्हणाले, "मी आलोय हे कुणाला कळता कामा नये. तुम्ही पुढं जा." उतरताना त्यांना जाकिटाची बटणंसुद्धा नीट लागेनात. लढाऊ विमानं उडवलेला माणूस हो! मला इतकं हसू आलं आणि इतकी माया आली की त्या नादात मी तशीच गाडी हाणली. खोळ माझ्या मांडीवरच राहिली.

मैदानात शिरले, तर बँडवाल्यांनी चालू गाणं मध्येच तोडून लष्करी चाल सुरू केली. वाटलं, वा, काय थाट आहे यंदा! तंबूंपाशी पोचले तर थेल्मा कमरेवर हात ठेवून उभी. मार्मलेडचं पहिलं बक्षीस सलग पाच वर्षं तिचं. शेजारी प्रदर्शनाचे अध्यक्ष, पिंचबेक. निवृत्त स्क्वाड्रन लीडर. अडीच पट्ट्यांवर घरी बसले, तेव्हापासून वरच्या हुद्द्याचा माणूस दिसला की त्यांच्या अंगात वारं शिरतं.

"हीच ती!" थेल्मा कडाडली. "हिला अंडं उकडता येत नाही. माझा भाऊ तीस वर्षं जळका टोस्ट खातोय. हिनं मार्मलेड केलं?"

"तुझ्या भावाला जळकाच आवडतो," मी म्हटलं.

"दुकानातली बरणी आणून ठेवलीय मेलीनं!"

पिंचबेक घसा खाकरून म्हणाले, "मिसेस स्क्रिमशॉ, नियम आहे. जो बनवतो त्याच्याच नावानं ठेवायचं. कुणी बनवलंय सांगा, आम्ही नाव बदलू. नाहीतर बरणी टेबलावरून काढावी लागेल."

आली का पंचाईत! आत तंबूत मिस ऑटीवेल चमचा घेऊन बरणीमागून बरणी चाखत होत्या. नाव सांगावं तर पिंचबेक क्षणात पहिलं बक्षीस चिकटवणार. न सांगावं तर बरणी चाखण्याआधीच बाहेर. दोन्हीकडून साहेबांच्या पदरी धोंडा. माझं काय, मला चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"बनवणारा इथंच आहे," मी म्हटलं. "पण त्याला नाव नको आहे."

"बघा, बघा!" थेल्मा.

पण पिंचबेकची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली होती. गाडीच्या पाटीवर. उन्हात तारा नुसता झळकत होता. खोळ! पिंचबेकनी तारा पाहिला, रिकामी गाडी पाहिली, मग मान वळवून अख्ख्या मैदानावर नजर फिरवली. डुकराचं वजन ओळखायच्या स्टॉलपाशी एक उंच माणूस उभा होता. जाकिटाची बटणं वरखाली लावलेली, आणि ते कान. कान कुठं लपवणार?

"अरे देवा," पिंचबेक म्हणाले. "एअर कमोडोरांची बरणी!" आणि सुटले तंबूकडं.

मीही धावले. छप्पन्न वर्षांची बाई मी, धावले. "पिंचबेक! थांबा! आत जायचं नाही!" मागून थेल्मा. आमची ही वरात बघून साहेबांना काय ते उमजलं, तेही लांब ढांगा टाकत आले.

तंबूच्या पडद्याशी मिस ऑटीवेलनी चमचा आडवा धरला. "परीक्षण चालू असताना आत पाय ठेवायचा नाही, बाळ."

पिंचबेक वाकून कुजबुजले. त्यांची कुजबुज बँडवाल्यांनाही ऐकू गेली. "वर्ग सदतीस. ती सातवी बरणी. एअर कमोडोर विन्स्लेड. समजलं ना?"

"नाही समजलं," मिस ऑटीवेल म्हणाल्या. "त्यांची संत्री वेगळ्या झाडाला लागतात का?"

"तसं नव्हे, पण एवढा मोठा माणूस..."

"माझी लापशी मोठमोठ्यांनी खाल्ली आणि ताटली विसळून ठेवली. शेरा लिहून झालाय. मी खोडत नसते." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठाय तो?"

साहेब पुढं झाले. ते मिस ऑटीवेलच्या जवळपास दुप्पट उंच. "मी, मॅडम."

"हं. घे, बाळ. स्वतःच वाच."

साहेबांनी कार्ड घेतलं. पिंचबेक तर पांढरेफटक पडले होते. साहेबांनी एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि मग मोठ्यानं, परेडला हुकूम सोडावा तसं, सगळ्यांना ऐकवलं:

"रंग चांगला. साल चिवट. ती शिजण्याआधीच साखर घातली. करणारा घाईचा आहे आणि त्याला कुणी अडवत नसावं. चाखली तेवढी पुरे."

कुठंतरी ते डुक्कर तेवढं ओरडलं.

आणि साहेब हसायला लागले. चहाच्या वेळी हसतात तसं नाही. मान मागं टाकून, कान लालबुंद, डोळ्यांतून पाणी. "चिवट!" त्यांनी पिंचबेकच्या पाठीत थाप घातली. "ऐकलंत ना? चिवट! आणि मी सहा महिने वाटत सुटलो होतो! साखर आधी घातली, हो, खरंच आधी घातली!" त्यांनी थेल्माचा हात हातात घेऊन हलवला. "दर वर्षी पहिलं बक्षीस तुमचं ना? तुम्ही साल किती वेळ शिजवता?"

थेल्मा, जी पाच मिनिटांपूर्वी मला पोलिसात द्यायला निघाली होती, ती लाजून म्हणाली, "दोन तास, सर. चिमटीत धरून चिरडेपर्यंत."

"दोन तास! मी वीस मिनिटं!"

मिस ऑटीवेल म्हणाल्या, "जानेवारीत ये माझ्याकडं. संत्री तू आण. आणि तोंड बंद ठेवून चिरायची."

"येस, मॅडम," साहेब म्हणाले, आणि पाय जुळवले. खरंच जुळवले.

संध्याकाळी चार-साडेचारला आम्ही निघालो. ते कार्ड साहेबांनी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. गाडीपाशी आल्यावर मात्र ते पाटीकडं बघत उभे राहिले. तारा उघडाच.

"चूक माझी, सर," मी म्हटलं. "वर कळवायची असेल तर कळवा."

त्यांनी सीटवरची खोळ उचलली, वाकून स्वतः ताऱ्यावर चढवली, दोन्ही बटणं लावली. मग मागचं दार सोडून पुढचं उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. गुडघे पार हनुवटीशी.

"नियम काय आहे, मिसेस स्क्रिमशॉ?"

"खोळ घातली म्हणजे गाडीत साहेब नाहीत, सर."

"बरोबर. म्हणजे आत्ता नाहीत. मग आता मला सांगा. दर मंगळवारी तुम्ही म्हणायचात, छान झालंय. किती खाल्लंत?"

माझे हात चाकावर गच्च. मेले, म्हटलं. हा एकच प्रश्न कधी निघू नये म्हणून मी जपत आले होते. विंग कमांडरच्या बायकोला मी मनातल्या मनात किती नावं ठेवली होती, आणि माझं तरी काय वेगळं होतं? बाजूला पाहिलं. ते वाट बघत होते. पहिल्यांदा गाडी शिकणारा माणूस बघतो तसे बघत होते.

"पहिल्या मंगळवारी एक घास," मी म्हटलं. "त्यानंतर फाटकाजवळच्या तळ्यातल्या बदकांना घातलं."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी खिशातलं कार्ड चाचपलं. मग हळूच विचारलं, "बदकांनी खाल्लं?"

खोटं बोलायला जीभच उचलेना.

"पाव खाल्ला, सर."

त्यांनी डॅशबोर्डवर डोकं टेकलं आणि खांदे गदागदा हलायला लागले. मी घाबरले, मग कळलं की हसतायत, आणि मग मलाही आवरेना. दोघं वेड्यासारखे हसलो. बँडवाला ढोल घेऊन शेजारून गेला तो वाकून बघत गेला.

डोळे पुसून ते म्हणाले, "रोझमंड गेल्यानंतर असं कुणी बोललंच नव्हतं हो माझ्याशी." मग नीट सरकून बसले. "चला. आणखी काय काय आहे ते सांगा. तो पाद्री आणि पॅराशूटवाला माझा विनोद कसा आहे?"

"पहिल्यांदा ऐकला तेव्हाही वाईटच होता, सर."

"अरे वा! पुढं?"

आमचा तळ दोनच मैलांवर होता. मी गाडी काढली आणि लांबचा रस्ता धरला.